शेजारच्या गिरणीला टाळं लागलं, तरी आपला भोंगा वाजता ठेवा

नॅशनल हॉकी लीगचे कमिशनर गॅरी बेटमन, लीगच्या ३२ संघांचे मालक आणि खेळाडू संघटनेचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहणारा, लालबागच्या चाळीत वाढलेला माणूस. तीसेक वर्षांपासून तुमचे सामने बघतो आहे. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण आमच्यासारख्या अनेक घरांत आता आपल्याकडची मैदानावरची हॉकी, म्हणजे ध्यानचंद आणि खडकीच्या धनराज पिल्लेंची हॉकी, आणि इथली बर्फावरची हॉकी अशा दोन्ही नांदतात. दुसरं कारण असं की ज्या दोन शब्दांवर हे सगळं पत्र उभं आहे ते मला मराठीतच नीट कळतात. संप आणि टाळेबंदी.

१ डिसेंबर २०२६ रोजी बेसबॉलचे मालक आणि खेळाडू यांच्यातला करार संपतो. मालकांच्या गोटातून पगारमर्यादेची, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल रक्कम ठरवण्याची, भाषा ऐकू येते. खेळाडूंच्या संघटनेने अशी मर्यादा आजवर कधीच मान्य केलेली नाही. १९९४ चा संप त्याच मुद्द्यावर पेटला होता. त्यामुळे २०२७ च्या एप्रिलमध्ये बेसबॉलची मैदानं बंद असतील अशी धास्ती अनेकांना आहे. तुमच्याकडे मात्र जुलै २०२५ मध्येच नवा करार मंजूर झाला. तो सप्टेंबर २०२६ पासून सप्टेंबर २०३० पर्यंत चालेल, हंगाम ८४ सामन्यांचा होईल. म्हणजे शेजारच्या घरात भांडण आणि तुमच्याकडे शांतता. हॉकीप्रेमींच्या गप्पांत आत्ताच हिशेब मांडला जातो आहे: बेसबॉल बंद पडलं तर तो प्रेक्षक आपलाच. तुमच्या कचेऱ्यांतही हा हिशेब कुणीतरी मांडत असेल. मला त्या हिशेबाबद्दल बोलायचं आहे.

कोरोनाच्या काळात ‘टाळेबंदी’ या शब्दाचा अर्थच बदलून गेला. गिरणगावात त्याचा अर्थ एकच होता: मालकाने गेटला लावलेलं कुलूप. काम कामगाराने थांबवलं तर तो संप, मालकाने थांबवलं तर टाळेबंदी. हा फरक आम्हाला शाळेत कुणी शिकवला नाही, घरातल्या डब्यातल्या भाकरीवरून कळला. इथे मात्र ऑफिसातल्या गप्पांत दोन्हींना ‘स्ट्राइक’ म्हणून लोक मोकळे होतात. म्हणून आधी नोंद करतो. तुमच्या लीगमध्ये खेळाडूंनी केलेला संप एकच, एप्रिल १९९२ मधला, दहा दिवसांचा. १९९४, २००४ आणि २०१२ ही तिन्ही वर्षं टाळेबंदीची. तिन्ही वेळा कुलूप मालकांनी लावलं, आणि तिन्ही वेळा कमिशनर बेटमनच होते.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उभे राहिले, त्यांत माझे वडीलही होते. सकाळचा भोंगा वाजेनासा झाला. पण कापड कमी पडलं नाही. भिवंडीचे यंत्रमाग रात्रंदिवस धडधडत होते, काही मालक आपला माल तिथूनच विणून घेत होते. दुकानात चादर घेणाऱ्या बाईने ती कुठल्या मागावर विणली हे विचारलं नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; विरून गेला. पुष्कळ गेट पुन्हा उघडली नाहीत. त्यामुळे एकाचं काम थांबलं की दुसऱ्याला बरकत येते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी ते पाहिलं आहे.

पण खेळ म्हणजे चादर नव्हे.

याचा पुरावा त्याच १९८२ सालातला आहे. अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंनी त्या वर्षी ५७ दिवस संप केला. रविवारची दुपार रिकामी पडली म्हणून एनबीसी वाहिनीने कॅनडातल्या फुटबॉल लीगचे सामने दाखवले. खेळ जवळजवळ तोच, चेंडू तसाच, धडकाही तशाच. प्रेक्षक आला नाही, आणि वाहिनीने थोड्याच दिवसांत तो नाद सोडला. फुटबॉलची जागा फुटबॉललाच घेता आली नाही! कारण लोक रविवारी नुसता फुटबॉल बघत नव्हते. ते आपल्या गावचा संघ बघत होते, वडिलांसोबत बघितलेला, शेजाऱ्याशी पैज लावलेला. ते मागावरून उतरवून आणता येत नाही.

आता तुमच्या १९९४ बद्दल. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मी तेव्हा नुकताच इथे आलो होतो आणि हॉकी मला त्याच उन्हाळ्यात लागली.

ऑफिसात निम्मे लोक न्यूयॉर्क रेंजर्सचे, निम्मे न्यू जर्सी डेव्हिल्सचे. मे महिन्यात दोन्ही संघ सात सामन्यांच्या मालिकेत समोरासमोर आले. रेंजर्स हरण्याच्या कडेला असताना त्यांच्या कर्णधाराने, मार्क मेसियरने, पुढचा सामना आम्ही जिंकणारच असं जाहीर सांगितलं आणि २५ मे रोजी आमच्या मेडोलँड्सच्या अरेनात शेवटच्या वीस मिनिटांत तीन गोल मारून तो जिंकूनही दाखवला. दोन दिवसांनी सातव्या सामन्यात, दुसऱ्या जादा वेळेत, स्टेफान मॅटोने गोल केला आणि डेव्हिल्स बाहेर पडले. मला तेव्हा टीव्हीवर पक, म्हणजे या हॉकीची चकती, धड दिसतही नव्हता. शेजारच्या खुर्चीतला सहकारी कागदावर निळी रेघ काढून ऑफसाइड समजावत होता. पण सातव्या सामन्याच्या रात्री मी झोपलो नाही. १४ जूनला रेंजर्सनी ५४ वर्षांनंतर स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि हॉकीचं नावही न घेणारी माणसं लोकलच्या डब्यात हॉकीबद्दल बोलू लागली.

मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून गेला होता. देशभर वाचल्या जाणाऱ्या एका क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावर हॉकी तेजीत आणि बास्केटबॉल मंदीत असं छापलं. १२ ऑगस्टला बेसबॉलचा संप सुरू झाला, सप्टेंबरच्या मध्यावर वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, रद्द झाली. १९०४ नंतर पहिल्यांदाच. फॉक्ससारखी घराघरांत दिसणारी वाहिनी हॉकीशी करार करून बसली होती. असा मुहूर्त कुठल्याही खेळाच्या पत्रिकेत एकदाच येतो.

आणि १ ऑक्टोबरला तुम्ही कुलूप लावलं.

जानेवारी १९९५ पर्यंत ते निघालं नाही. हंगाम ४८ सामन्यांचा झाला. ज्या शरदात अमेरिकेत बेसबॉल नव्हतं, त्याच शरदात हॉकीही नव्हती. माझा शेजारी मेट्स या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचा कट्टर माणूस. त्या संपानंतर बेसबॉलवर रुसला आणि पुढची तीन-चार वर्षं मैदानावर फिरकला नाही. त्याच्यासारखे पुष्कळ होते. १९९५ मध्ये बेसबॉलची मैदानावरची गर्दी सुमारे २० टक्क्यांनी घटली होती. एकदा मी त्याला विचारलं, तेव्हा हॉकीकडे का नाही वळलास? तो म्हणाला, ‘ती पण बंदच होती ना.’ त्याने त्या वर्षांत मुलाला घेऊन मासे पकडायला जायला सुरुवात केली. ते अजून चालू आहे.

आमच्या गिरण्यांमध्ये ‘बदली’ नावाचा एक वर्ग असायचा. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभा राहणारा. बदलीवाला रोज पहाटे गेटवर येऊन उभा राहायचा, काम मिळेलच याची खात्री नसताना. वडील स्वतः काही वर्षं बदली होते. ते सांगायचे, नाव पुकारलं गेलं त्या दिवशी तुम्ही गेटवर नसलात, तर मुकादम दुसऱ्यांदा पुकारत नाही. अमेरिकेत हॉकी वर्षानुवर्षं बदलीवाल्यासारखीच उभी होती. १९९४ च्या ऑक्टोबरात तिचं नाव पुकारलं गेलं.

त्यानंतरही संधी आल्याच. १९९८ च्या जुलैपासून जानेवारी १९९९ पर्यंत बास्केटबॉलच्या मालकांनी टाळेबंदी केली, हंगाम ५० सामन्यांवर आला. हॉकी मात्र पूर्ण हंगाम खेळली, शिवाय तो वेन ग्रेट्झ्कीचा शेवटचा हंगाम होता. जॉर्डन पुन्हा निवृत्त झाला आणि हॉकीचा सर्वांत मोठा खेळाडू मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोप घेत होता. इतकं असूनही त्या हंगामाबरोबर फॉक्सवरची हॉकी संपली. शेजारचं दुकान बंद होतं म्हणून तुमच्याकडे रांग लागली नाही.

२०११ चं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. फुटबॉलची टाळेबंदी मार्चपासून जुलैअखेरपर्यंत चालली. त्यात एकच सराव सामना बुडाला. बास्केटबॉलची मात्र १ जुलैपासून ८ डिसेंबरपर्यंत लांबली, आणि त्यांचा हंगाम थेट नाताळच्या दिवशी सुरू झाला. म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, जवळजवळ दोन महिने, बंदिस्त अरेनांतला मोठा व्यावसायिक हिवाळी खेळ म्हणून हॉकी एकटीच होती. विनिपेगला पंधरा वर्षांनी संघ परत मिळाला होता. एनबीसीशी दहा वर्षांचा नवा करार झाला होता. पण त्या दोन महिन्यांतले देशभर दाखवायचे बहुतेक सामने होते व्हर्सस नावाच्या वाहिनीवर, आणि ती कितव्या नंबरवर लागते हे माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. रिकामा झालेला प्रेक्षक दारापर्यंत आला असेलही. दारावर पाटी नव्हती.

बरं, जे थोडेफार आले त्यांचं तुम्ही काय केलंत? पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, पुन्हा कुलूप. उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ५० वर आणण्यासाठी ५१० सामने घालवले. आमचे डेव्हिल्स त्याच जूनमध्ये अंतिम फेरी खेळले होते.

२००४-०५ बद्दल मी फार लिहीत नाही, लिहायला घेतलं की हात जड होतो. १,२३० सामने. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या लीगने टाळेबंदीत पूर्ण हंगाम घालवण्याची ती पहिली वेळ. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे स्टॅन्ले कप कुणालाच मिळाला नव्हता. त्यानंतर २००५ मध्ये मिळाला नाही, आणि या वेळी साथ वगैरे काही नव्हती. ईएसपीएनने पाठ फिरवली, सामने शिकार आणि मासेमारीच्या कार्यक्रमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर गेले. पुढच्या वर्षी अरेना भरल्या हे खरं आहे, आणि ते मी लपवत नाही. पण परत आले ते आधीपासूनचे. टोरांटोचा, मॉन्ट्रियलचा, डेट्रॉइटचा माणूस परत येणारच होता. जो अजून आलाच नव्हता, जो उंबऱ्यावर होता, तो मोजायला कुणाकडे काय साधन आहे?

मग हॉकी वाढली कशाने? तुमच्याच इतिहासात उत्तर आहे. १९९६ मध्ये विनिपेगचा संघ ॲरिझोनाच्या वाळवंटात गेला तेव्हा लोक हसले. तो संघ तिथे कधी नीट रुजला नाही, २०२४ मध्ये युटाला निघून गेला. पण मधल्या काळात स्कॉट्सडेलमधला एक मुलगा त्या संघाचे सामने बघत मोठा झाला आणि २०१६ मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा सर्वांत पहिला निवडला गेला. ऑस्टन मॅथ्यूज. कुणाच्या संपामुळे नव्हे, तर गावात बर्फ होता आणि दार उघडं होतं म्हणून. लास व्हेगासचंही तसंच. २०१७ च्या १ ऑक्टोबरला त्या शहरात गोळीबार झाला, आणि काही दिवसांतच नव्या कोऱ्या संघाने घरचा पहिला सामना खेळला. जाहिरातींच्या जागी बर्फाभोवतीच्या फळ्यांवर शहराच्या एकजुटीचे शब्द होते. दुःखाच्या दिवशी जो घरी येतो तो पाहुणा राहत नाही. संघ पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत गेला, पण तो गेला नसता तरी व्हेगासने त्याला आपलं मानलं असतं असं मला वाटतं.

आणि आमच्या लोकांचं म्हणाल, तर २००८ पासून कॅनडात हॉकीचं समालोचन पंजाबीत होतं. ब्रॅम्प्टन आणि सरेच्या घरांतले आजी-आजोबा नातवंडांबरोबर शनिवारी रात्री सामना बघायला बसतात. एका भाषेच्या शंभर-दोनशे शब्दांनी जे केलं ते चार खेळांच्या टाळेबंद्यांनी केलं नाही.

एका गोष्टीचा खुलासा तुमच्यातल्या काही मालकांकडूनच व्हायला हवा. डेट्रॉइटमध्ये रेड विंग्ज आणि बेसबॉलचे टायगर्स दोन्ही इलिच घराण्याचे. टोरांटोत ब्लू जेज रॉजर्स कंपनीचे, मेपल लीफ्सच्या मालकीत सर्वांत मोठा हिस्सा त्यांचाच, आणि कॅनडातले हॉकीचे प्रक्षेपण-हक्कही २०२६ पासून पुढची बारा वर्षं त्यांच्याकडेच. उद्या बेसबॉलला टाळं लागलं तर एका दारावर कुलूप घालणारा हात आणि दुसऱ्या दारात ‘या, या’ म्हणणारा हात एकच असेल. प्रेक्षकाला ते दिसतं. त्याचा एक संघ ज्याने बंद केला त्याच्याच दुसऱ्या संघाचं तिकीट त्याने आनंदाने का घ्यावं?

शिवाय शेजाऱ्याचं घर जळलं की धूर आपल्याकडेही येतो. अनेक शहरांत बेसबॉल आणि हॉकी एकाच स्थानिक क्रीडावाहिनीवर दिसतात. त्या वाहिन्यांचा धंदा आधीच मोडकळीस आला आहे. त्यांतल्या सर्वांत मोठ्या समूहाने, डायमंडने, मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. उन्हाळाभर बेसबॉल नसेल तर त्या वाहिन्यांची वर्गणी कोण भरणार, आणि ऑक्टोबरात तुमचे सामने कोण दाखवणार? २०११ मध्ये बास्केटबॉल थांबलं तेव्हा ज्या अरेनांत दोन्ही खेळ होतात तिथल्या तिकीट तपासणाऱ्यांची, सफाई करणाऱ्यांची, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची निम्म्या रात्रींची मजुरी गेली. हीच माणसं तुमच्या सामन्याला दार उघडतात. गिरणी बंद पडली तेव्हा गेटसमोरचा चहावाला आणि खानावळ चालवणाऱ्या बायाही बसल्या होत्या. त्यांची मोजदाद कुणी केली नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. बेसबॉल बंद पडलं तर त्यावर एकही जाहिरात करू नका. ‘आम्ही तर खेळतोय’ अशी फलकबाजी नको. तो प्रेक्षक दुखावलेला असेल, त्याच्या जखमेवर तुमचा झेंडा लावू नका. त्याऐवजी एप्रिलमधले प्लेऑफचे, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतले, पहिल्या फेरीचे सामने फुकट दिसतील असं बघा. डॅलस स्टार्सनी २०२४ पासून आपले स्थानिक सामने मोफत ॲपवर दाखवायला सुरुवात केली. व्हेगास आणि फ्लोरिडाचे संघ अँटेनावर दिसणाऱ्या वाहिन्यांकडे गेले. हे होऊ शकतं, तुमच्यातल्याच काहींनी करून दाखवलं आहे. ज्या गावात बेसबॉलचं मैदान बंद असेल तिथल्या लहान मुलांना सरावाच्या वेळी अरेनात येऊ द्या, हातात स्टिक द्या. समालोचकांना सांगा की सामन्यात दोन-तीनदा आइसिंग म्हणजे काय, पॉवर प्ले म्हणजे काय, हे नव्या माणसासाठी साध्या शब्दांत सांगत जा. जुन्या प्रेक्षकांना त्याचा राग येणार नाही. आम्ही सगळेच कधीतरी कागदावरच्या निळ्या रेघेपासून सुरुवात केली आहे.

खेळाडू संघटनेला एक वेगळी विनंती. बेसबॉलच्या खेळाडूंवर टाळेबंदी आली तर त्यांच्या बाजूने उघड बोला. तुम्ही तीनदा कुलपाबाहेर उभे राहिला आहात. तुमचा हंगाम चालू आहे म्हणून गप्प राहणं मला गिरणीकामगाराचा मुलगा म्हणून रुचणार नाही. पगारमर्यादा तुम्ही २००५ मध्ये, सगळ्यांच्या पगारात २४ टक्के कपात सोसून, स्वीकारली. तिचा हिशेब वीस वर्षांनी कसा जुळला, कुठे नाही जुळला, हे तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही.

आणि दोघांनाही: सप्टेंबर २०३० ही तारीख आत्ताच कॅलेंडरवर ठेवा. या वेळी करार मुदतीच्या वर्षभर आधी झाला, ते चांगलं केलंत, मनापासून सांगतो. पुढचाही तसाच आधी, २०२९ च्या उन्हाळ्यात, बोलायला घ्या. २०२७ मध्ये जो कुणी नवा माणूस तुमच्याकडे येईल त्याला तीन हंगाम सवय लागायला मिळतील. चौथ्या हंगामाला दार बंद दिसलं तर त्याचं तोंडही दिसणार नाही.

मेट्सवाल्या शेजाऱ्याशी माझं ठरलं आहे. एप्रिलमध्ये बेसबॉल चालू असेल तर तो मला मेट्सच्या सिटी फील्ड मैदानावर नेणार, बंद असेल तर मी त्याला न्यूअर्कला डेव्हिल्सच्या सामन्याला आणणार. त्याचा मुलगा आणि नातूही येतील म्हणतो. चौघांना परवडेल असं तिकीट वरच्या रांगांत का होईना, ठेवा, आणि त्याचा दर मार्चमध्येच जाहीर करा.

आपला,
लालबागचा, आता एडिसनचा, एक डेव्हिल्सप्रेमी